बदकांच्या होडीतली ऊब

नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमधला हीटर वर्षातून पहिल्यांदा सुरू होतो आणि जळक्या धुळीचा एक वास घरभर पसरतो. प्रज्ञाला, म्हणजे माझ्या बायकोला, तो वास आवडतो. "चला, आली थंडी," असं म्हणत ती आल्याचा चहा टाकते. मला मात्र मळमळतं. मी उठून खिडकी उघडतो. बाहेर बर्फ असो, वारा असो, चार बोटं तरी उघडतोच. पूर्वी त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं. "वेडा आहेस का तू, एवढा गॅस जाळून केलेली ऊब बाहेर सोडतोयस!" यंदा ती काही बोलली नाही. तिला आता कारण माहीत आहे. ती नुसती स्वेटर घालून आली आणि चहाचा कप माझ्यासमोर जरा जोरातच आदळला.

याच दिवसांत आकाशातून बदकांचे थवे दक्षिणेकडे निघतात. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये लोक माना वर करून उभे राहतात, 'सो ब्युटिफुल' म्हणतात, फोटो काढतात. काढा बापहो. मी ते बदक हातात धरलेलं आहे. भिजलेल्या पिसांचा, दलदलीच्या चिखलाचा आणि कोमट रक्ताचा एकत्र वास येतो तेव्हा सौंदर्यबिंदर्य सगळं बाजूला राहतं. पण खरं सांगायचं तर मला किळस बदकांची नाही. त्या बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलंय? किळस येते ती त्या एका हिवाळ्याची, आणि त्या हिवाळ्यात छोट्याशा होडीत बसलेल्या एका माणसाची. तो माणूस मी.

दोन हजार चार साल असेल. मी नागपूरहून येऊन तीन वर्षं झाली होती. व्हिसाची मुदत संपत चालली होती आणि ग्रीन कार्डाच्या अर्जासाठी मॅनेजरचं पत्र हवं होतं. मॅनेजर म्हणजे रॉय. साठीला टेकलेला, लाल चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. पत्राचा मसुदा त्याच्या टेबलावर महिनाभर पडून होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. हिवाळा हा त्याचा शिकारीचा मोसम, त्यामुळे डोकं ठिकाणावर नसायचं. एके दिवशी त्याने टीमला विचारलं, "शनिवारी बदकं मारायला कोण येतंय?" आमच्या टीममध्ये पुण्याचा निखिल होता. तो मराठीत हळूच मला म्हणाला, "यार, तू जा. तुम्ही लोक खाता ना सगळं." 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नागपूरला असतो तर विचारलं असतं, चांगलं कॉलर धरून विचारलं असतं. इथे मी हसलो. हसलो आणि रॉयला म्हणालो, "आय वुड लव्ह टू."

मला नव्हतं आवडत. आम्ही बौद्ध. जवळच्या एडिसनला एका काकांच्या बेसमेंटमध्ये महिन्यातून एका रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण जमतो, वंदना होते, पंचशील घेतो. प्राण्याची हत्या करणार नाही, हे त्यातलं पहिलं. मटण मी आवडीने खातो, हे मान्य. पण स्वतः बंदूक उचलायची? मग मी मनाशी एक सोयीस्कर तोड काढली: होडीत बसायचं, पण चाप ओढायचा नाही. रॉयला सांगितलं, "मी फक्त बघणार." तो म्हणाला, "उत्तम, मग तू कॉफी ओतायची." माझं शील शाबूत राहिलं म्हणून मी किती खूश झालो होतो! त्या खुशीचीही आता शिसारी येते.

समुद्राकाठच्या त्या दलदलीकडे जायला दीड तास लागतो. गाडीत मागे रॉयची काळी कुत्री, मॉली, माझ्या मानेवर गरम श्वास सोडत होती. रॉय सहसा घरचं बोलायचा नाही, पण स्टिअरिंग हातात असलं की माणसं मोकळी होतात. त्याने त्याच्या वडिलांबद्दल सांगितलं. म्हातारे शेवटी सगळं विसरले होते. सुरुवात छोट्या गोष्टींनी झाली. गॅस चालू ठेवायचे, नळ उघडा ठेवायचे. शेवटी त्यांनी रॉयलाच विचारलं, तुम्ही कोण? "मला मरणाची भीती नाही," रॉय म्हणाला, "पण तसं व्हायचं नाही मला. मी रोज बघत असतो, आपण काही विसरतोय का." मी "हं" म्हणालो. माझं लक्ष पत्र कधी मिळेल याकडे होतं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. रॉयने माझ्या अंगाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मी काय काय चढवलं होतं! तीन सुती बनियन, त्यावर शर्ट, जीन्स, आणि डोक्याला आईने नागपूरहून पाठवलेली माकडटोपी. तो म्हणाला, "सुती कपडा एकदा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. होडीत त्याच्याइतका वाईट कपडा नाही." मग त्याने गाडीतून त्याचा जुना लोकरी शर्ट आणि पँट काढून दिली. वर लाइफ जॅकेट, तेही नीट आवळून. "पाण्यात पडलास तर पोहायची वेळच येत नाही, त्याआधी हातपाय बधिर होतात." तो शर्ट! तंबाखू, कुत्रं, जुना घाम आणि कसलीशी चरबी, सगळं त्यात मुरलेलं. एका पत्रासाठी मी दुसऱ्याचा घाम अंगावर घातला, असं वाटून माझा मलाच वीट आला. पण शर्ट गरम होता, हेही खरं.

होडी म्हणजे काय, तर चौदा फुटांची पत्र्याची पेटी. वर लोखंडी कांबींचा सांगाडा, त्यावर जाड ताडपत्री आणि ताडपत्रीला बांधलेलं गवत, म्हणजे बदकांना ते बेट वाटावं. आत दोन माणसं, एक कुत्री, काडतुसं, थर्मास, आणि लघवीसाठी एक डबा. हो, डबा. त्याचं वर्णन नको. पायाशी ओला चिखल आणि त्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास. आणि मधोमध रॉयचा लाडका गॅसचा हीटर, जेवणाच्या डब्याएवढा, तोंडाशी लाल झालेली जाळी. रॉय माणूस भारी काटेकोर. हीटर पेट्रोलच्या टाकीपासून लांब, सपाट फळीवर, दोरीने बांधलेला. आणि पेटवायच्या आधी दोन झडपा उघडायच्या: एक खाली पायापाशी, एक वर माझ्या मानेमागे. वरची झडप म्हणजे ताडपत्रीचाच तुकडा, गुंडाळून बटणाने अडकवायचा. त्याने दोन्ही उघडल्या, दोन्हींवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाला, "खालची उघडी. वरची उघडी." मग मला म्हणाला, "हा पेटला की विषारी गॅस निघतो; तो दिसत नाही, त्याला वास येत नाही. झोप येते, आणि संपलं. तीस वर्षं झाली, हे म्हटल्याशिवाय मी हीटर पेटवलेला नाही."

आता यात न कळण्यासारखं काय होतं? नागपूरच्या थंडीत आमच्याकडे कोळशाची शेगडी पेटायची. आई ती रात्री खोलीबाहेर काढायची म्हणजे काढायची, आम्ही कितीही कुरकुर केली तरी. मला ते ठाऊक होतं. पण शेगडीला धूर असतो, राख असते, ती आपली गावठी. हा अमेरिकेचा हीटर, बटण दाबलं की पेटणारा, धुराचा पत्ता नाही. याच्यात कसला आलाय धोका? ही माणसं उगाच प्रत्येक गोष्टीवर इशारे चिकटवतात, कॉफीच्या कपावरही 'गरम आहे' लिहितात. असं माझं इंजिनिअरचं डोकं म्हणालं.

थोड्या वेळाने रॉयने एक बदक पाडलं, मॉलीने ते पोहत आणलं आणि रॉयने ते कोमट असतानाच माझ्या हातात दिलं. मग पाऊस सुरू झाला, आणि तो पडता पडता गोठत होता. ताडपत्रीवर बर्फाचा पापुद्रा धरला. बसल्या जागी मानेमागच्या झडपेतून वाऱ्याची सुई कानात शिरू लागली. आता आपल्या माणसाला बाकी काहीही सहन होतं, पण कानाला वारा? कानाला वारा लागला म्हणजे सर्दी, सर्दी म्हणजे ताप, असं लहानपणापासून ऐकत आलेलो. माकडटोपी रॉयने काढायला लावली होती, लाल रंगाची म्हणून. बदकांना दिसते म्हणे. रॉयला म्हणावं, जागा बदलू या? छे! साहेबाला कसं सांगायचं? थंडी वाजत नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "नो नो, आय अॅम फाइन."

मग तो पुढे वाकून दुर्बिणीतून पाहत असताना मी हात मागे नेला आणि बटण काढलं. ताडपत्रीचा तुकडा आपसूक खाली पडला आणि बंद झाला. थोड्या वेळाने पायालाही गार लागायला लागलं, तेव्हा पिशवी सरकवून खालची झडपही झाकली. त्याने पाहिलं नाही. आणि काय सांगू, काय छान वाटलं! त्या अख्ख्या थंडीत इतकी ऊब मला कुठे मिळाली नव्हती. अंग सैल झालं. मला वाटलं, यांना साधी थंडीही अडवता येत नाही, आम्हाला विचारा.

पुढचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. डोकं दुखायला लागलं. मळमळ सुरू झाली. मी निदान केलं: पित्त. उपाशीपोटी काळी कॉफी, जागरण, त्यात हा वास, दुसरं काय होणार? खिशात आवळा सुपारी होती, ती तोंडात टाकली. रॉय कपाळ चोळत होता, म्हणून त्यालाही दिली. आम्ही दोघं त्या बंद डब्यात मरायला बसलो होतो आणि आवळा सुपारी चघळत होतो. हे कुणाला सांगितलं तर हसेल. मीही एकदा हसलो होतो आणि मग बाथरूममध्ये जाऊन ओकलो होतो.

रॉयने कॉफी ओतली ती स्वतःच्या गुडघ्यावर. आणि तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. मला ते विचित्रही वाटलं नाही. मॉली मात्र कण्हायला लागली. तिने पुढच्या ताडपत्रीखाली नाक घातलं, पंजांनी ओरबाडलं आणि धाडकन पाण्यात उडी मारली. बार उडाल्याशिवाय ती कधी उडी मारत नसे. रॉयला राग आला असावा. तो तिच्यावर ओरडायला धडपडत उठला, डोक्याने अख्खं छप्पर मागे ढकललं आणि बर्फाळ वारा आत आला. रॉय होडीच्या काठावर ओणवा झाला आणि ओकला. त्याच्यामागोमाग मी.

पाच मिनिटांनी मला नीट दिसायला लागलं. रॉयची पाठ माझ्याकडे होती. मी पहिली गोष्ट कोणती केली? त्याला सावरलं नाही. पायाने पिशवी बाजूला सरकवली. वरच्या झडपेला हात घालणार, तेवढ्यात तो वळला. त्याने हीटर बंद केला आणि त्याची नजर वर गेली. बंद झडपेकडे तो किती तरी वेळ पाहत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी ही उघडली नाही?"

मी थर्मासचं झाकण लावू लागलो.

"मी उघडली होती ना? तू होतास. मी म्हणालो ना, वरची उघडी?"

आणि मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, रॉय."

एवढंच. चार शब्द. ते बोलताना माझ्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला स्वच्छ आठवतं: त्याच्या टेबलावर पडलेला पत्राचा मसुदा. गाडीत त्याने वडिलांबद्दल सांगितलं होतं, तेही आठवत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. मॉलीला वर ओढून कशीबशी होडी धक्क्याला लावली, आणि तिथून नेलं त्या हॉस्पिटलमध्ये आम्हा दोघांना ऑक्सिजन लावला. रॉयची बायको मार्था धावत आली. "झडप उघडायला विसरलो मी," तो तिला म्हणाला, आणि ती त्याचा हात धरून खाली बसली. माझ्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं. हे कारण मी स्वतःला पुढे तीन वर्षं सांगितलं. मास्क दोन तासांनी काढला होता.

पुढच्याच आठवड्यात रॉयने पत्रावर सही केली. वर माझी माफीही मागितली, "तुझा जीव धोक्यात घातला मी." प्रज्ञाने घरी बुद्धाच्या फोटोपुढे पेढे ठेवले. मी खाल्ले नाहीत. पोट बिघडलंय म्हणालो. होडी त्याने विकून टाकली. मग त्याच्या मॉनिटरभोवती पिवळ्या चिठ्ठ्या लागायला सुरुवात झाली. मीटिंगमध्ये तो मला विचारायचा, "हे मी तुला आधी सांगितलंय का?" त्याने सांगितलेलं नसायचं. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही. त्याचा विश्वास बसला नाही. "वडिलांनाही आधी असंच म्हणाले होते," तो म्हणाला. आपण सगळेच काहीतरी विसरतो, चष्मा विसरतो, किल्ल्या विसरतो, आणि हसून सोडून देतो. तो प्रत्येक वेळी पांढरा पडायचा. रोज माझ्यासमोर. सांगायला रोज एक दिवस होता माझ्याकडे.

दीड वर्षात त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभात भाषण कोणी करावं? मी. आपल्याकडची पद्धत म्हणून मी त्याच्या खांद्यांवर शाल घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रॉयचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "सुरक्षितता म्हणजे काय ते मला रॉयने शिकवलं." हे वाक्य मी आदल्या दिवशी लिहून पाठ केलं होतं. आठवलं की जीभ खरवडून काढावीशी वाटते.

ग्रीन कार्ड हातात पडलं ते दोन हजार सातच्या शेवटी. त्यानंतरच्या रविवारी एडिसनला पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही, तिथे माझा आवाज फुटेना. वंदना संपल्यावर आम्ही ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला थांबलो. पार्किंगमध्ये गाडी बंद करताच प्रज्ञा म्हणाली, "काय झालं रे तुला मघाशी?" आणि मी सगळं सांगितलं. मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन ती ऐकत होती.

"म्हणजे तो माणूस तीन वर्षं स्वतःला वेडा समजतोय?"

"तसं नाही गं, वय पण झालं होतं त्याचं..."

"गप. कार्ड हातात आल्यावर तुला रडू फुटलं होय? आधी नाही फुटलं?" माझ्याकडे तिने अशा नजरेने कधी पाहिलं नव्हतं. "फोन कर. आत्ता."

"घरी गेल्यावर करतो."

"घरी गेलास की तू करणार नाहीस. ओळखते मी तुला आता."

मी फोन लावला. रॉयनेच उचलला. माझा आवाज ऐकून केवढा खूश झाला! "प्रज्ञा कशी आहे? प्रज्ञाच ना? मी वहीत लिहून ठेवलंय, पण वही वर आहे." मी म्हणालो, रॉय, मला काही सांगायचंय. आणि सांगितलं. बटण, पिशवी, कानाला लागणारा वारा, सगळं.  

मग तो म्हणाला, "म्हणजे ती उघडी होती?"

"हो."

"मी उघडली होती?"

"दोन्ही उघडल्या होत्यास. थाप मारून मोठ्याने म्हणालाही होतास. बंद मी केल्या."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. खरं तर द्यायला हव्या होत्या. त्याने फोन कुठेतरी टाकला असावा, आदळल्याचा आवाज आला, आणि लांबून त्याची आरोळी ऐकू आली, "मार्था! मार्था, मी उघडली होती! मी विसरलो नव्हतो!" तो हसत होता की रडत होता, कळेना. परत फोनवर येऊन धापा टाकत म्हणाला, "थँक यू. थँक यू, सांगितलंस म्हणून." प्रज्ञाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग मार्थाने फोन घेतला. ती आवाज न चढवता बोलली.

"आमची नात दोन वर्षांची आहे," ती म्हणाली. "त्याने तिला आजपर्यंत एकदाही एकट्याने सांभाळलेलं नाही. मी खोलीत असले तरच घेतो. त्याला वाटतं, तो तिला कुठेतरी ठेवेल आणि विसरेल. आता मला परत फोन करू नकोस."

मागून रॉय म्हणत होता, "ठेवू नकोस गं, ठेवू नकोस. त्याला विचार, पुढच्या रविवारी दोघं जेवायला येतात का."

तिने फोन ठेवला.